साचा, शीट आणि प्रिंटर: मोटरसायकलचे प्लॅस्टिकचे भाग घरी घडवण्याचा आढावा

जुनी मोटरसायकल सांभाळणाऱ्याला इंजिनाची फारशी धास्ती नसते. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा कुठून ना कुठून मिळतात. नाहीच मिळाल्या तर लेथवाला काहीतरी मार्ग काढतो. घोडे अडते ते साईड पॅनलपाशी. मागची खुंटी मोडलेली आणि एक बाजू तारेने बांधलेली. मडगार्डला बोल्टच्या भोकापासून तडा गेलेला. हेडलाइटचा डूम एम-सीलने कसाबसा जोडलेला. कंपनीने मॉडेल बंद केले की असे भाग हळूहळू दुकानांतून नाहीसे होतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोलबागेत एखादी नक्कल सापडतेही, पण ती बसेलच याची खात्री नसते. एक भोक दोन मिलिमीटर सरकलेले असले तरी अख्खे पॅनल वाकडे बसते.

याच्या उलट, कधी बनलेच नाही असे काही हवे असणारेही आहेत. कोणाला घाटातल्या पावसासाठी उंच विंडशील्ड हवे असते, कोणाला बोटे गारठू नयेत म्हणून हँडगार्ड, तर कोणाला कॅफे रेसर धाटणीच्या सीटमागचा गोल काऊल. या दोन गरजांमधून मोटरसायकलचे प्लॅस्टिकचे भाग घरी किंवा गल्लीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये घडवण्याचे काम वाढत गेले. ते कोणत्या पद्धतींनी होते, त्याबद्दल कोणकोण काय म्हणते, कायदा कुठे उभा आहे आणि कशाचा निकाल अजून लागायचा आहे, हे इथे क्रमाने पाहू.

पत्र्याकडून प्लॅस्टिककडे

सुरुवातीच्या मोटरसायकलींवर मडगार्ड, चेनकव्हर, टूलबॉक्स असे सगळे पत्र्याचेच असे. म्हैसूरच्या कारखान्यात १९९६पर्यंत बनलेल्या जावा-येझदी घ्या किंवा आकुर्डीची जुनी चेतक घ्या. पोचा पडला तर डेंटिंगवाला ठोकून काढत असे, गंज चढला तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड होत असे. दुरुस्तीचे हे कौशल्य प्रत्येक तालुक्याच्या गावी हाताशी होते.

प्लॅस्टिक आले ते दोन दिशांनी. एक दिशा कारखान्याची. होंडाने १९५८ साली सुपर कब बाजारात आणली तेव्हा तिचे पुढचे मडगार्ड आणि पायांपुढची ढाल पॉलिइथिलीनची होती. हलकी, गंज न चढणारी आणि लाखोंच्या संख्येने काढता येणारी वस्तू असा तो हिशोब होता. दुसरी दिशा हौशी चालकांची. रेसिंगमध्ये १९५०च्या दशकात पुढचे चाकही पोटात घेणारी ‘डस्टबिन’ फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे कवच, गाजली. आडव्या वाऱ्यात ती गाडी भरकटवते या कारणाने १९५७च्या हंगामानंतर तिच्यावर बंदी आली. त्यानंतर चाक उघडे ठेवणारी फेअरिंग रूढ झाली आणि ती फायबरग्लासमध्ये घडवणे छोट्या वर्कशॉपना सहज जमू लागले. अमेरिकेत प्रेस्टन पेटी या चालकाने डर्ट बाइकसाठी न तुटणारी प्लॅस्टिक मडगार्ड विकायला सुरुवात केली, तर क्रेग व्हेटर यांनी १९७१मध्ये ‘विंडजॅमर’ ही अनेक गाड्यांना बसणारी फेअरिंग आणली. बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही पूर्ण फेअरिंगची गाडी कारखान्यातून काढली ती १९७६ साली. मोठ्या फेअरिंगच्या बाबतीत तरी स्वतंत्र कारागीर आधी आणि कारखाने मागून, असा क्रम दिसतो. घरगुती कामाला केवळ जुगाड म्हणून मोडीत काढणाऱ्यांना त्याचे समर्थक हा इतिहास आवर्जून सांगतात.

आपल्याकडे हा बदल १९८०च्या दशकात जाणवला. १९८४ची कायनेटिक होंडा, १९८५ची हिरो होंडा सीडी १०० आणि त्याच वर्षीची यामाहा आरएक्स १०० यांनी प्लॅस्टिकची पॅनेल घरोघर नेली. पुढे २००३ची करिझ्मा आणि २००८ची आर १५ आल्यावर गाडीचा दर्शनी भाग बराचसा प्लॅस्टिकचाच झाला. गाडी उभ्या जागी कलंडली तरी खर्च निघू लागला.

अडचणीचे मूळ मात्र अर्थकारणात आहे. कारखान्यातले पॅनल इंजेक्शन मोल्डिंगने बनते. त्यासाठी लागणारी पोलादी डाय काही लाखांपासून पुढे जाते आणि हजारो नग निघाले तरच परवडते. आरएक्स १००चे उत्पादन १९९६मध्ये थांबले. त्यानंतर उरलेल्या हौशी मालकांसाठी तशी डाय पुन्हा कोण टाकणार? ही पोकळी भरायला ज्या पद्धती पुढे आल्या त्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

पहिली वाट: आहे तेच जोडणे

जाणकार मेकॅनिक नवा भाग घडवण्याआधी जुना उलटा करून पाहतो. आतल्या बाजूला, दोन टोकदार खुणांच्या मध्ये, प्लॅस्टिकचे नाव उठवलेले असते: एबीएस, पीपी, पीसी किंवा त्यांचे मिश्रण. या अक्षरांवर पुढचे सगळे ठरते. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच जातीच्या तुकड्यांचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये घालून केलेली खळ तड्यात भरली की ती मूळ पॅनलशी एकजीव होते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनवर अ‍ॅसिटोनचा परिणाम होत नाही आणि साधा गोंदही टिकत नाही. तिथे हीट गन आणि त्याच प्लॅस्टिकची कांडी घेऊन वेल्डिंगच करावे लागते. खूण पुसली गेली असेल तर एक छोटी चाचणी आहे. मागच्या बाजूचा कपचा काढून पाण्यात टाकायचा. पाण्यापेक्षा हलके असल्याने पीपी तरंगते, एबीएस बुडते. पीपीमध्ये खनिज भुकटी मिसळलेली असेल तर मात्र ही चाचणी फसू शकते.

मोडलेल्या खुंटीची दुरुस्ती या गटातले सर्वांत नित्याचे काम. बहुतेक जुन्या पॅनलना मागे दोन-तीन खुंट्या असतात आणि त्या चासीवरच्या रबरी बुशांत दाबून बसतात. रबर वयाने कडक झाले की पॅनल ओढताना खुंटी मुळातून तुटते. नुसते फेविक्विक लावले तर ती पुढच्याच सर्व्हिसिंगला पुन्हा हातात येते. नीट काम करणारा आधी बूश बदलतो. मग तुटीच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडून त्यांत तापवलेली बारीक तार किंवा जाळी रुतवतो, वरून एबीएसची खळ भरतो आणि एक-दोन दिवस हात लावत नाही. वरवर सुकलेली खळ आतून मऊ राहते, हे घाई केल्यावरच कळते.

जोडकामाच्या बाजूने बोलणारे दोन मुद्दे मांडतात: मूळ भाग टिकतो आणि कचरा होत नाही. मर्यादाही उघड आहे. जो भाग हरवलाच आहे, किंवा उन्हाने ज्याचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन चुरते आहे, त्याचे जोडकाम होत नाही.

दुसरी वाट: फायबर

महाराष्ट्रात सर्वाधिक रुळलेली पद्धत ही. गणेशोत्सवाचे देखावे, पुतळे, दुकानांच्या पाट्या, पाण्याच्या टाक्या अशा अनेक कामांमुळे फायबरचे साहित्य आणि हात दोन्ही गावोगाव मिळतात. कृती समजायला सोपी आहे. चांगल्या स्थितीतले एखादे पॅनल मिळवायचे, त्यावर मेणाचे अनेक हात देऊन घासायचे, आणि त्यावरून फायबरचाच किंवा पीओपीचा साचा काढायचा. साच्याला पुन्हा मेण, मग जेलकोट, म्हणजे दर्शनी पृष्ठभागाचा रेझिनचा थर. तो चिकट असतानाच काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन थरावर थर. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. साईड पॅनलला दोन-तीन थर पुरतात. ब्रश ओढायचा नसतो, टोचत जायचा असतो, म्हणजे मॅट न सरकता आतली हवा बाहेर पडते. राहिलेला प्रत्येक बुडबुडा पुढे रंगाखालचा खड्डा होतो.

इथे दोन ठेचा हमखास लागतात. थर्मोकोलचा आकार कोरून त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावले तर रेझिनमधले स्टायरीन थर्मोकोलला खाऊन टाकते. तिथे एपॉक्सी वापरावे लागते किंवा थर्मोकोल आधी पूर्ण झाकावा लागतो. आणि एपॉक्सी वापरताना नेहमीची सुट्या धाग्यांची मॅट चालत नाही. तिला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ स्टायरीनमध्येच विरघळतो, त्यामुळे एपॉक्सीत ती कडकच राहते. अशा वेळी विणलेले काचेचे कापड घ्यावे.

या पद्धतीचे बळ म्हणजे स्वस्त साचा आणि आकाराचे स्वातंत्र्य. दुबळी बाजू तिच्या स्वभावातच आहे. एबीएस पॅनल धक्क्याला वाकते. फायबर फारसे वाकत नाही, तडकते, आणि तुटल्यावर धारदार कड सोडते. बोल्टच्या भोकाभोवती रुंद वायसर आणि रबरी बूश दिले नाहीत तर इंजिनाच्या थरथरीने तिथूनच तडा सुरू होतो. रंगाच्या आधी लांबी भरणे आणि पॉलिश पेपर मारणे यांत घडवण्याइतकाच वेळ जातो, याचा अंदाज नवख्याला येत नाही.

तिसरी वाट: शीट तापवून वाकवणे

विंडशील्ड, हँडगार्ड, मडफ्लॅप, बॅटरीचे झाकण अशा कमी वळणांच्या वस्तूंसाठी शीट सोयीची. पाट्या बनवणाऱ्यांकडे अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही मिळतात. अनेकांकडे व्हॅक्यूम फॉर्मिंगचे यंत्रही असते. त्यात तापवलेली शीट साच्यावर ठेवून खालची हवा ओढून घेतात आणि शीट साच्याला घट्ट बिलगते. पीव्हीसी पाइप उभा चिरून, हीट गनने मऊ करून सपाट केलेली पट्टी हँडगार्डसाठी वापरणारे खूप आहेत.

इथला वाद मुख्यतः पारदर्शक शीटबद्दल आहे. अ‍ॅक्रिलिक स्वच्छ दिसते, सहज वाकते आणि ओरखडे कमी घेते. पण फुटले तर त्याचे तीक्ष्ण तुकडे होतात, तेही चालकाच्या छातीसमोर. पॉलिकार्बोनेट आघात पचवते. मात्र ते हवेतला ओलावा शोषते, आणि आधी सुकवून न घेता तापवले तर आत बुडबुडे उठतात. पेट्रोल आणि अमोनिया असलेले क्लीनर त्याला हळूहळू चिरा पाडतात. विंडशील्डसाठी पॉलिकार्बोनेट बरे, याबद्दल जाणकारांत बऱ्यापैकी एकमत आहे; घरी ते नीट वाकवता येते का, याबद्दल नाही.

चौथी वाट: थ्रीडी प्रिंटर

प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर रचणाऱ्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९मध्ये संपले. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी २००५पासून चालवलेल्या रेपरॅप या खुल्या प्रकल्पाने तोवर पाया घातलेला होताच. त्यामुळे एकेकाळचे कंपन्यांचे यंत्र घरातल्या टेबलावर आले. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात तर २००२ सालीच फॅब लॅब सुरू झाली होती. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. गावातल्या मुलामुलींनी स्वतःला लागणाऱ्या वस्तू स्वतः घडवाव्यात, हा विचार तिथे प्रिंटर स्वस्त होण्याच्या कितीतरी आधी रुजला होता.

प्रिंटरवर भाग काढताना निम्मी लढाई धागा निवडताना होते. सर्वांत सोपा आणि लोकप्रिय पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या काळ्या पॅनलचा पृष्ठभाग त्या पातळीला सहज पोहोचतो, मग स्क्रूच्या ताणानेच भाग लोंबतो. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत, एबीएस आणि एएसए १००च्या आसपास टिकतात. यांतला एएसए ऊनही चांगले सोसतो, म्हणून बाहेरच्या भागांसाठी त्याच्याकडे कल वाढला आहे. पण एबीएस-एएसए थंड होताना आकसतात, कडा उचलतात. त्यासाठी बंदिस्त प्रिंटर लागतो.

दुसरी मर्यादा थरांची. छापलेला भाग थराच्या दिशेने मजबूत आणि दोन थरांच्या सांध्यात कमकुवत असतो. उभी छापलेली खुंटी त्या सांध्यावर कांडीसारखी मोडते. तीच आडवी छापली तर तग धरते. तिसरी मर्यादा आकाराची. घरगुती प्रिंटरचा पाट बहुधा २२० मिलिमीटर चौरसाच्या आसपास असतो, म्हणून पॅनल तुकड्यांत छापून जोडावे लागते. यावर तोडगा म्हणून अलीकडे मिश्र पद्धत रुळते आहे: प्रिंटरवर फक्त मूळ आकार काढायचा, तो घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावरून फायबरचा साचा घ्यायचा. अचूकता प्रिंटरची, मजबुती फायबरची. बॅज, इंडिकेटरचे बूड, स्विचचे बटण अशा लहानग्या वस्तूंसाठी सिलिकॉनचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतण्याची रीतही याच जोडीने चालते.

मतांचे चार गट

पद्धतींच्या पलीकडे, असे भाग घडवावेत का आणि कोणते, यावर ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका जुन्या गाड्यांच्या काटेकोर संग्राहकांची. गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसावी. ओरखडे असलेले मूळ पॅनल नव्या नकलेपेक्षा मोलाचे. त्यांचा मुख्य आक्षेप फसवणुकीला आहे. हुबेहूब नक्कल ‘कंपनीचा जुना स्टॉक’ म्हणून विकली जाते आणि काही वर्षांनी कोणते काय हे सांगता येत नाही. नकलेवर आतून तशी खूण असावी, एवढी त्यांच्यातल्या मवाळांची मागणी आहे.

दुसरी भूमिका घडवणाऱ्यांची. गाडी रस्त्यावर राहिली पाहिजे आणि तिचा मालक तिच्याबाबत परावलंबी नसावा. ज्या भागाची कंपनीने जबाबदारी सोडली तो घडवण्याचा हक्क मालकाला आहे, असे ते मानतात. स्वतः घडवलेल्या भागातून गाडीची जी ओळख होते ती विकत घेऊन होत नाही, हा त्यांचा आणखी एक मुद्दा. तो मोजता येत नाही, पण या छंदाला टिकवून धरणारा तोच आहे.

तिसरी भूमिका सुरक्षेच्या अंगाने पाहणाऱ्या अभियंत्यांची. कारखान्यातले मडगार्ड बाजारात येण्याआधी थरथर, उष्णता, ऊन, आघात अशा कसोट्यांतून जाते. घरगुती मडगार्डची कसोटी थेट रस्त्यावर लागते. पुढचे मडगार्ड तुटून चाकात अडकले तर चाक जागीच थांबू शकते. हँडगार्ड सरकून क्लच किंवा ब्रेकच्या लिव्हरला अडू शकते. हवेचा दाब चुकीच्या जागी पडला तर फेअरिंग वेगात हँडल हलवते. डस्टबिन फेअरिंगवरच्या बंदीमागे हीच धास्ती होती. त्यांचा विरोध सरसकट नाही. दिसण्यापुरते भाग खुशाल करा, हालत्या भागांजवळचे नकोत, अशी रेघ त्यांच्यातले बरेच जण ओढतात.

चौथी भूमिका गॅरेजवाल्यांची. ती फारशी लिहिली जात नाही. त्यांचा हिशोब वेळेचा आणि तक्रारीचा असतो. फायबरचे एक पॅनल नीट करायला दोन-तीन दिवस गुंततात, गिऱ्हाईक मोजते नकली पॅनलइतकेच पैसे, आणि तडा गेला तर पुन्हा दारात उभे राहते. म्हणून अनेक जण असे काम फक्त ओळखीच्यांचे घेतात. घरगुती कामाचा प्रसार ज्यांच्या हातांनी व्हायचा तेच हात आखडते घेतात, ही या क्षेत्राची एक अबोल अडचण आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२(अ)नुसार परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रंग हा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील असल्याने नव्या पॅनलबरोबर गाडीचा रंग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारे संरक्षण मागतो. मागचे मडगार्ड कापून नंबरप्लेटपुरती छोटी ‘टेल टायडी’ बसवणारे ही बाब सहसा विसरतात.

मोडलेल्या साईड पॅनलच्या जागी त्याच आकाराचे, त्याच रंगाचे फायबरचे पॅनल बसवले तर तो ‘बदल’ की नुसती दुरुस्ती? कलमाच्या शब्दांकडे पाहता नोंदणीतला कोणताही तपशील त्याने हलत नाही. विंडशील्ड, हँडगार्ड, सीट काऊल यांबाबत मात्र रस्त्यावरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर बरेच अवलंबून राहते.

इतर देशांच्या दोन टोकांच्या रीती इथे तुलनेला उपयोगी आहेत. जर्मनीत बाहेरून बसवलेल्या भागाला मान्यतेचा कागद लागतो आणि घरी घडवलेल्या फेअरिंगसाठी तपासनिसासमोर गाडी उभी करून वैयक्तिक मंजुरी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये भर वार्षिक तपासणीवर आहे: भाग पक्का आहे का, कोणाला इजा करेल का, चालवताना अडतो का, हे पाहिले जाते. पहिल्या रीतीत खर्च आणि खेटे, पण निर्णय स्पष्ट. दुसरीत मोकळीक, पण जबाबदारी मालकाची. आपल्याकडे पुण्यात १९६६पासून एआरएआयसारखी वाहन-चाचणी संस्था आहे. तिचे काम मुख्यतः उत्पादकांसाठीच्या प्रमाणनाचे आहे, एकट्या मालकाच्या एकट्या पॅनलला त्या चौकटीत सहज जागा नाही.

आकाराच्या मालकीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. डिझाइन कायदा, २०००नुसार नोंदलेल्या आकाराला दहा वर्षे आणि मुदतवाढीची पाच, असे जास्तीत जास्त पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. १९८०च्या दशकातल्या पॅनलचा आकार त्यातून केव्हाच मोकळा झालेला आहे. कंपनीचे नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क म्हणून कायम राहू शकते, त्यामुळे नकली बॅज विकणे ही वेगळी बाब. चालू मॉडेलच्या पॅनलचे स्कॅन करून त्याची फाइल विकणाऱ्याला मात्र जपून राहावे लागेल.

हात, डोळे आणि फुप्फुसे

या विषयावर मतभेद कमी आणि हयगय जास्त आहे. रेझिनचे स्टायरीन २०१८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात बहुधा कर्ककारक’ गटात टाकले. हार्डनर म्हणून वापरले जाणारे एमईकेपी डोळ्यात उडाले तर दृष्टी जाऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्टचे अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे आणि हार्डनर शेवटी, हा क्रम पाळावाच लागतो. काचेची धूळ, अ‍ॅसिटोनची सहज पेट घेणारी वाफ, जास्त तापलेल्या पीव्हीसीचा आम्लधर्मी धूर, दोन घटकांच्या रंगातले दम्याला निमंत्रण देणारे आयसोसायनेट अशी ही यादी लांबते. बंद खोलीत, नाकाला रुमाल बांधून हे काम करू नये, यावर सगळ्या गटांचे एकमत आहे. वाफेसाठीचा फिल्टर मास्क, चष्मा, हातमोजे आणि उघडी जागा एवढे तरी हवे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न टिकाऊपणाचा. छापलेला एएसएचा भाग कोकणच्या दमट हवेत आणि विदर्भाच्या उन्हात दहा वर्षांनी कसा असेल, याची घरगुती पातळीवरची नोंद जवळपास नाही. भाग बसवल्या दिवशीचे फोटो भरपूर असतात. तीन पावसाळ्यांनंतरचे शोधावे लागतात.

दुसरा प्रश्न विम्याचा. न कळवता केलेल्या बदलांमुळे दावा अडू शकतो, हे विमाधारकाला सांगितले जाते. पण घरी घडवलेल्या साईड पॅनलचा आणि अपघाताचा काही संबंध नसेल तर काय, याचे सर्वसामान्य मालकाला समजेल असे उत्तर मिळत नाही.

तिसरा प्रश्न कचऱ्याचा. घरी घडवणे म्हणजे पर्यावरणस्नेही, हे समीकरण तपासायला हवे. एबीएस पुन्हा वितळवता येते. एकदा घट्ट झालेले फायबर वितळत नाही, त्याचा पुनर्वापर अवघड आहे. पीएलए वनस्पतिजन्य असला तरी परसातल्या मातीत तो सहजी कुजत नाही. फसलेले प्रिंट आणि वाया गेलेले साचे हिशोबात धरले तर एका पॅनलमागे किती प्लॅस्टिक खर्ची पडते, हे ज्याच्या त्याच्या कौशल्यावर ठरते.

चौथा प्रश्न कंपन्यांच्या जबाबदारीचा. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कार्यक्षेत्रात वाहनेही घेतली. सुटे भाग आणि माहिती मालकापर्यंत पोहोचावी, असा त्यामागचा विचार. मॉडेल बंद झाल्यावर प्लॅस्टिक भागांचे आराखडे मालकांना खुले करावेत का, हा त्याचा पुढचा टप्पा ठरू शकतो. तसे झाले तर साचा काढण्यासाठी धड पॅनल शोधत फिरण्याची वेळ टळेल. पण आराखड्याप्रमाणे कोणीतरी घडवलेल्या सदोष भागाचे उत्तरदायित्व कोणाकडे, हा कंपन्यांचा सवाल तेव्हा समोर उभा राहील.

आज चित्र काय दिसते

फायबर की प्रिंटर, मूळ की नक्कल अशी ही चर्चा बहुधा साहित्याभोवती फिरते. पण चारही गटांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवले तर वाद जिथे खरोखर तीव्र होतो ती जागा एकच निघते: हा भाग चालत्या गाडीवर तुटला तर पुढे काय होईल? साईड पॅनल गळून पडले तर मागच्याला सांभाळून चालावे लागते, मालकाचा खर्च वाढतो. पुढचे मडगार्ड तुटले तर चाकाशी गाठ आहे. विंडशील्ड फुटले तर चालकाच्या अंगाशी. या क्रमाने भागांची प्रतवारी लावली की बरेच मतभेद आपोआप निवळतात. साईड पॅनल, टूलबॉक्सचे झाकण, सीट काऊल यांबाबत सुरक्षावाल्यांचीही फारशी हरकत उरत नाही. मडगार्ड, हँडगार्ड, विंडशील्ड यांबाबत घडवणारेही सावध बोलतात. फूटरेस्ट, लिव्हर, लाइट आणि ब्रेकशी संबंधित काहीही घरच्या प्लॅस्टिकमध्ये करू नये, याबद्दल जबाबदार माणसांत दुमत आढळत नाही.

भागांच्या या मधल्या गटाचा निर्णय होण्यासाठी जे हवे ते अजून जमलेले नाही. कोणते साहित्य, किती जाडी, कोणत्या दिशेने छापले, किती किलोमीटर चालले आणि तडा नेमका कुठून सुरू झाला, अशी अपयशाची नोंद ठेवणारे थोडे आहेत. जुन्या गाड्यांचे क्लब, पॉलिटेक्निकच्या वर्कशॉप आणि पाबळसारख्या प्रयोगशाळा यांना ती नोंद ठेवणे अवघड नाही. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत, एक वही आणि थोडा प्रामाणिकपणा लागतो. तशी वही भरत गेली तर आरटीओच्या अधिकाऱ्यासमोर आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर बोलायला घडवणाऱ्यांकडे काहीतरी ठोस असेल. आज त्यांच्याकडे आहे तो मुख्यतः अनुभव, आणि तो ज्याचा त्याच्यापाशी आहे.